गोलातला जिवंत माणूस

"काढ आधी त्यांचं तोंड तिथून! काढ म्हनते ना!"

"मामी, तोंड नाही ते. ती जागा आहे. फोटो कुठं बसवायचा, त्याची खूण."

"खूण? आरं, खुणंला कान असतो का? टोपी असती का? साऱ्या निरगुडसरनं माझ्या मालकाचा कान बघितला, आन् तू मला खूण शिकवतो व्हय?"

"हळू बोला. स्टँडपर्यंत आवाज जातोय."

"जाऊ दे! ऐकू दे समद्यांना!"

पेठच्या स्टँडसमोर बाळासाहेब पेंटरचा गाळा होता. त्याच्या दारात लंकाबाई पदर खोचून उभी होती. गाळ्याला चिकटून तिच्या नवऱ्याची, भिकाची, चहाची टपरी. टपरीची फळी आज कितव्यांदा तरी मिटलेली, आणि बाळासाहेब सकाळपासून तिकडं बघायचं टाळत होता.

नावात पेंटर होता, पण ब्रश हातातून सुटून दोन-तीन वर्षं झाली होती. नव्वदच्या दशकात पेठपासून येडगावपर्यंत दूधडेअरीची पाटी असो, शाळेची भिंत असो, अक्षर बाळासाहेबाचंच. मग फ्लेक्स आला. भिंती ओस पडल्या, रॉकेलच्या डब्यात ब्रश वाळून काटक्या झाले. बाळासाहेबानं मंचरला कॉम्प्युटरचा क्लास लावला. पोरीच्या वयाच्या मुलांमध्ये बसून, त्यांची टिंगल सोसून तो फोटोशॉप शिकला. आणि शिकला म्हणजे असा शिकला, की एकदा केलेलं काम पुन्हा करायचं नाही. त्यानं साचे बनवले. वाढदिवसाचा साचा, सरपंचाच्या निवडीचा साचा, गणपतीचा साचा. हार, फुलं, झालर सगळं जागच्या जागी. मधे एक गोल. गोलात फोटो टाकला, खाली नाव बदललं, की बोर्ड तयार. सीडी एसटीनं पुण्याला जायची आणि छापलेला फ्लेक्स संध्याकाळच्या गाडीनं परत यायचा.

सगळ्यात जास्त चालायचा दहाव्याचा साचा. आपल्याकडं दहाव्याला नदीकाठी मांडव पडतो, प्रवचन होतं, आणि बुवांच्या मागं गेलेल्या माणसाचा फ्लेक्स लागतो. काळी झालर, दोन समया, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. गोल मात्र रिकामा ठेवून चालत नाही. चेहरा केवढा घ्यायचा, डोळे कुठं आणायचे, हे कळायला गोलात कुणीतरी लागतं. सुरुवातीला बाळासाहेब मागच्या मयताचा फोटो तसाच ठेवायचा. त्यात एकदा घात झाला. येडगावच्या एका आजोबांच्या दहाव्याला भलत्याच गावच्या म्हातारीचा चेहरा छापून गेला. भाऊबंदांनी बोर्ड फाडला आणि बाळासाहेबाला गाळ्यातून ओढून बाहेर काढलं.

त्या दिवसानंतर त्यानं एक नियम केला. गोलात जिवंत माणूस ठेवायचा, तोही रोज डोळ्यांसमोर असणारा. म्हणजे बदलायचा राहिला तर बघताक्षणी कळेल.

आणि रोज डोळ्यांसमोर कोण? भिका.

"मामा, तुमचा फोटो वापरू का? नुसता मापाला."

"लाव की. पर मयताच्या बोर्डात व्हय रं?"

"फोटोनं काय होतंय मामा?"

"ते बी खरंच." भिकानं टोपी सारखी केली, हातातली किटली खाली ठेवली आणि दारातल्या उन्हात ताठ उभा राहिला. "मला ना पोर, ना बाळ. आमच्या दहाव्याला कोन बोर्ड लावनार? आत्ताच हौस करून घेतो."

दोघंही हसले होते.

तेव्हापासून तालुक्यात जो मेला, तो आधी भिकावर बसला. नव्या माणसाचे डोळे भिकाच्या डोळ्यांवर आणायचे, नाक नाकावर, हनुवटी हनुवटीवर. जमलं की पडद्यावर शेजारच्या यादीत भिकाच्या नावापुढं डोळ्याचं चित्र असतं, त्यावर टिचकी मारायची. डोळा मिटला की भिका दिसेनासा. जात कुठं नाही, नव्या फोटोखाली असतोच. म्हणूनच पेठला काय आणि निरगुडसरला काय, गेलेली सगळी माणसं एकाच उंचीवरून, एकाच नजरेनं खाली बघायची. कुणाच्या ते ध्यानात आलं नाही.

निरगुडसरचा सावळेराम गेला, त्याच्या बोर्डाच्या वेळी बाळासाहेब तो डोळा मिटायला विसरला.

"मी मांडवात बसलेली," लंकाबाईचा आवाज आता खाली आला होता. "कावळा काय शिवंना. समदी ताटकळलेली. तेवढ्यात शेजारची म्हनली, मावशे, सावळेरामाच्या मागं कोन हुभंय गं? बघते तर टोपीचं टोक. आन् कान. चाळीस वरसं त्यो कान बघते मी बाळू, मला वळखू यायचा न्हाई?"

"माझी चूक झाली, मामी. त्याच्या फोटोतला मागचा पडदा मी कापून काढला होता. तिथून खालचे मामा दिसले."

"आन् माझी? मी घरी जाऊन त्यांना सांगितलं. जळो माझं तोंड." ती उंबऱ्यावर बसली. "तवापासनं पानावरनं उठत्यात. घास फिरतो म्हनं तोंडात. मंचरचा डाक्टर म्हनतो, काय झालेलं न्हाई."

"मग झालं तर! काही झालेलं नाहीच."

"त्यांचं नाव भिका का ठिवलं, ठाव हाय तुला? आधीची तिन्ही गेली. सासूबाईंनी याला जन्मताच सुपात घातला, शेजारनीकडनं भीक म्हनून मागून घेतला, नाक टोचलं. का? तर यमाला वाटावं, हे टाकाऊ हाय, कशाला न्यायचं. जलमभर लपवलेला मानूस त्यो. आन् तू त्याला दर मयताला म्होरं हुभा केलास. हा बघा, हा बघा म्हनून."

बाळासाहेबानं माउस उगाच हलवला.

"बरं, काढतो. दुसरा कुणीतरी लावतो."

"दुसरा कशाला? तुझा लाव. तूबी जित्ता हाईस, रोज आरशात दिसतोस. त्यांच्या म्होरं लाव. आपल्या डोळ्यानं बघितलं, की बाळूनं सोताचा लावला, तर त्यांना पटंल. मंग जेवतील."

"आणा की उद्या. लावतो. त्यात काय!"

त्यानं ते फार पटकन म्हटलं. लंकाबाईला ते जाणवलं असावं, कारण जाताना तिनं एकदा वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भिकाला घेऊन आली. बाळासाहेबानं बघितलं. गळ्याची हाडं वर आलेली, सदरा खुंटीवर अडकवल्यासारखा लोंबत होता. टोपी भुवयांपर्यंत घसरत होती. फोटोतला भिका पडद्यावरून बघत होता, भरल्या गालांचा, तुकतुकीत. खुर्चीतला भिका त्याच्याकडं बघत होता.

"त्यो बरा दिसतोय माझ्यापरीस," भिका म्हणाला.

"हा बघा मामा, काढला." बाळासाहेबानं गोलातल्या भिकाला ओढून पडद्याच्या कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. गोल पांढरा पडला. "गेला. सुटलात तुम्ही."

"जागा ऱ्हाईली की पर."

"जागा राहणारच. साचा आहे तो."

"मंग लाव तुझा. टोपी घालून लाव राव, बोडका बरा दिसत न्हाईस." भिका हसला. हसताना त्याला धाप लागली. लंकाबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. तिनं येताना डबा आणला होता, तो मांडीवर धरून ठेवला होता.

बाळासाहेबानं आपला फोटो उघडला. ओळखपत्रासाठी काढलेला, निळ्या पडद्यापुढचा. तो त्यानं धरून गोलाकडं ओढत आणला. वर काळी झालर. दोन्ही बाजूंना समया. खाली 'कै.' आणि पुढं नावाची मोकळी ओळ. चेहरा गोलाच्या काठाला लागला आणि तिथंच थांबला.

"डोळं जुळव," भिका म्हणाला. त्याला हे काम बघून बघून पाठ झालं होतं.

"हां. जुळवतो."

हात पुढं जाईना. माउसवर घाम आला होता. बाळासाहेबानं तळहात पँटीला पुसला, माउस पुन्हा धरला. पडद्यावरचा बाळासाहेब अर्धा गोलात, अर्धा बाहेर.

"काय झालं रं?"

"मशीन अडकलंय जरा. गरम झालंय. उद्या करू का, मामा? उद्या नक्की."

"माझ्या टायमाला मशीन अडाकलं न्हाई."

"तेव्हा नवं होतं."

भिका खुर्चीत पुढं वाकला. इतका जवळ, की त्याचा श्वास बाळासाहेबाच्या मनगटाला लागला.

"बाळू, तू मला काय म्हनला व्हतास? मी दारात किटली ठिवून हुभा व्हतो तवा?"

बाळासाहेब पडद्याकडं बघत राहिला.

"फोटोनं काय व्हतंय, मामा. असं म्हनला व्हतास ना?"

"हो."

"मंग लाव की."

बाळासाहेबाचं बोट बटणावर होतं, ते तसंच दाबून त्यानं हात मागं घेतला. त्याबरोबर पडद्यावरचा त्याचा चेहरा मागं सरकला आणि झालरीच्या बाहेर जाऊन बसला. गोल पुन्हा पांढरा.

लंकाबाईनं डब्याचं झाकण उघडलं होतं. ते तिनं हळूच परत लावलं.

"व्हतंय व्हय रं, बाळू?" भिकानं विचारलं. आवाजात राग नव्हता. आजाऱ्यानं डॉक्टरला विचारावं तसं त्यानं विचारलं. "खरं सांग. व्हतंय काय तरी?"

बाळासाहेब उठला. खुर्ची मागं सरकली, ती भिंतीला आपटली. चपला त्यानं पायात सरकवल्या, त्यातली एक उलटी होती, ती पायानंच सुलटी केली. लंकाबाईच्या अंगावरून, मिटलेल्या टपरीवरून, तो मान खाली घालून हायवेच्या बाजूला चालायला लागला. मागून भिकानं पुन्हा तेच विचारलेलं त्याला ऐकू आलं. तो थांबला नाही.