एका ठिपक्यावरचा इलाज

माझ्या सासुरवाडीत मला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं असा समज होता. तो मी उजव्या हाताच्या अंगठ्याने घालवला.

तेव्हा मी रियाधला एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होतो. माझ्या मेव्हण्याच्या, म्हणजे सतीशच्या मुलाची सांगलीला मुंज ठरली होती. त्या मुलाला, ओजसला, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम हवा होता आणि 'भावोजी आणतायत' असं सतीश अख्ख्या गल्लीला सांगून बसला होता. माहेरी आपली मान वर राहते की खाली जाते हे आता त्या गेमवर अवलंबून आहे, असं वैशालीने मला स्वच्छ शब्दांत बजावलं होतं. (ती माझी बायको. स्वच्छ शब्द ही तिची खासियत!)

गेम आणला आणि गल्फमधून सुट्टीवर निघालेला प्रत्येक मराठी माणूस जे करतो तेच केलं: घरी आल्याआल्या खोकं फोडलं. मुंबईच्या कस्टमवाल्याला कोरी करकरीत वस्तू दिसता कामा नये, हा आमचा तिथला कुळाचार. खोकं चपटं करून साड्यांखाली, गेम मुलीच्या दप्तरात, आणि कुणी विचारलंच तर 'तिचाच आहे हो, जुना.' तर जुनेपणाची सुरुवात करावी म्हणून मी तो चालू केला आणि काळ्या स्क्रीनवर, उजव्या कोपऱ्यात, एक हिरवा ठिपका दिसला. मोहरीएवढासुद्धा नव्हता, खसखशीएवढा म्हणा.

स्क्रीन अशा हजारो ठिपक्यांची बनलेली असते आणि त्यातला एखादा एकाच रंगावर अडकून बसतो, हे मी माझ्या दहा वर्षांच्या सायलीला सविस्तर समजावलं. ती तिथल्या भारतीय शाळेतली, त्यामुळे आमच्या मराठीला हिंदीत उत्तर देणारी.

"पापा, ओजस को दिखेगा भी नहीं. छोड दो ना."

त्या आठवड्यात आमच्या घरात बोललं गेलेलं हे एकमेव शहाणं वाक्य. पण मला तो दिसत होता ना! मी तसाच दुकानात गेलो. काउंटरवरच्या केरळी सेल्समनने चष्मा वर करून, खाली करून, ठिपका शोधला. मी बोट ठेवून दाखवला, तर तो माझ्या बोटाखाली झाकला गेला. तेवढ्यात अजान झाली, शटर खाली आलं आणि मी अर्धा तास भर उन्हात फुटपाथवर त्या ठिपक्याकडे बघत उभा राहिलो. नमाज आटोपल्यावर त्याने एका वाक्यात निकाल दिला, "सील खुला, खलास." दुसरा पीस? तो ईदनंतर. आमचं विमान चार दिवसांवर होतं.

मग मी इंटरनेटवर शिरलो. जगात ठिपक्याने गांजलेली इतकी माणसं आहेत हे पाहून धीर आला. कुणी लिहिलं होतं, स्क्रीनवर भराभर रंग बदलत ठेवा. मी तसा एक प्रोग्राम स्वतः लिहून गेममध्ये चढवला आणि तो अख्खा दिवस जेवणाच्या टेबलावर लुकलुकत राहिला. आम्ही जमिनीवर बसून जेवलो. ठिपका जागच्या जागी! दुसऱ्याचं म्हणणं, गरम फडक्याने शेक द्या. दिला. तिसऱ्याचं म्हणणं, पेन्सिलीच्या मागच्या रबराने हलकेच दाबा. दाबलं, आणि काय सांगू, ठिपका गेला! मी वैशालीला स्वयंपाकघरातून ओढत आणलं. तिने नीट निरखलं.

"एकच होता ना?"

"हो. का?"

"आता तीन आहेत."

इथे थांबायला हवं होतं. पण बारा वर्षं बँकेची यंत्रं सांभाळलेला माणूस मी, तीन ठिपक्यांपुढे हार मानणार? रबराला जोर कमी पडतोय असं ठरवून मी अंगठा लावला. बारीक 'टक्' झालं. कोपऱ्यातून जांभळा डाग निघाला, शाई सांडावी तसा पसरत गेला आणि पाव स्क्रीन व्यापून थांबला. तिन्ही ठिपके त्याखाली गडप झाले. तेवढा इलाज मात्र शंभर टक्के झाला.

वैशालीने गेम माझ्या हातातून काढून घेतला आणि थेट सायलीच्या दप्तरात टाकला. मुंबईला कस्टमवाल्याने दप्तरातला गेम काढला, चालू केला आणि काहीही न विचारता सहानुभूतीने परत ठेवला.

सांगलीला मुंजीच्या मांडवात ओजसने सगळ्यांसमोर गेम उघडला. सतीशने तो हातात घेऊन उलटासुलटा केला.

"भावोजी, दुकानातनंच असा दिला?"

दुकानावर ढकलणं सोपं होतं. पण सायली माझ्याकडे बघत होती.

"नाही रे," मी म्हणालो. "एक ठिपका होता. मी बरा करायला गेलो."

"असू दे काका," ओजस म्हणाला, "डावीकडचं सगळं दिसतंय." आणि गोटा केलेलं डोकं वाकडं करून तो बिचारा खेळायला लागला. मला मनापासून वाईट वाटलं. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते हेच.

वातावरण हलकं करायला सतीशने आपला नवा मोबाइल काढला. "यातबी एक लाल ठिपका दिसतोय बघा. असं असतंयच म्हणा."

मी सवयीने हात पुढे केला. पण त्याआधीच सासूबाईंनी मोबाइल उचलला आणि आत देवघरात, देवांच्या मागे नेऊन ठेवला. "तिथं आंघोळीशिवाय कुणी जायचं नाही," जाता जाता त्या शांतपणे म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे पाचला आंघोळ करून देवघरात गेलो. मोबाइल तिथे नव्हता; सासूबाईंनी तो आदल्या दुपारीच बँकेच्या लॉकरात हलवला होता.