पावणं, जरा एवढं धरा की

पाहुण्याला आधी गूळपाणी द्यावं की आधी विजेचा झटका, या प्रश्नावर आमचे दाजी उभ्या आयुष्यात कधी अडखळले नाहीत. माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्काचे, हे यजमान. पंचगंगेच्या काठी शेती आणि म्हशी सांभाळून होते आणि संस्थान विलीन होईपर्यंत चारचौघांसारखेच वागत होते. मग एका सरदाराच्या शिकारखान्याचा लिलाव निघाला. लोकांनी झुंबरं घेतली, गालिचे घेतले. दाजींनी होडीच्या मागं लावायचं जुनं विलायती इंजिन घेतलं. होडी घरची होतीच, आता ती फटफटीसारखी पळणार होती. अडचण एवढीच, की इंजिनात धड ठिणगी पडत नव्हती.

पुढची पाच-सहा वर्षं दाजी ती ठिणगी शोधत होते. म्हशींच्या पाण्याच्या दगडी डोणीवर त्यांनी इंजिन बसवलं. पाण्यावर तेलाचा तवंग आला तशा म्हशी रुसल्या आणि शेजाऱ्यांच्या डोणीवर जाऊ लागल्या. प्लग काळा पडला की दाजी तो चिंच-मीठ लावून देवाच्या भांड्यांबरोबर घासत आणि वाळवायला चुलीच्या वैलावर ठेवत. आक्काच्या भाकरीला पेट्रोलचा वास येई. इंजिन चालू करायला दोरी ओढावी लागे, आणि कोल्हापूरकडं ओढायचं काम म्हटल्यावर पैलवानाशिवाय दुसरं कुणाचं नाव निघणार? तालमीतला एक गडी आला. त्यानं शड्डू ठोकला, दोरी ओढली आणि तुटक्या दोरीसकट उकिरड्यात जाऊन बसला. "जोर कमी पडला," दाजी म्हणाले आणि त्याहून मोठा पैलवान शोधायला बाहेर पडले.

ठिणगी तपासायची त्यांची पद्धतही खास होती. पाहुणा दारात आला, की त्याच्या हातात प्लगची तार देऊन ते म्हणत, "पावणं, जरा एवढं धरा की." मग स्वतः दोरी ओढत. पाहुणा नुसता बघत राहिला तर ठिणगी पाडणारं मॅग्नेट मेलेलं. मुंग्या आल्या म्हणाला तर थोडी सुधारणा. "माणसानं देवाचं नाव घेतल्याबिगर ठिणगी खरी न्हाय," असं त्यांचं माप होतं.

मी आमच्या घराण्यातला पहिला बी. ए. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. दाजींनी त्या पदवीची एकदाच परीक्षा घेतली.

"मेव्हणं, एवढं कॉलेज शिकलासा, मग ह्यात ठिणगी का न्हाय सांगा बघू."

"दाजी, माझा विषय इतिहास होता."

"मग कवापासनं न्हाय, एवढं तरी सांगा!"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण घरात लग्नाची मुलगी होती, माझी भाची शांता. तिला बघायला आलेल्या पहिल्या स्थळाच्या मामांना नुसत्या मुंग्या आल्या, तरी त्यांनी गावोगाव सांगितलं, "त्या घरात पावण्यास्नी करंट देत्यात." वर्षभर दारात कुणी फिरकलं नाही. मग नदीपलीकडून एक स्थळ आलं. मुलगा मास्तर, घरची बागायत, शांतालाही पसंत. मुलाचे वडील मात्र मिशांना पीळ देऊन बोलणारे. मानपानात जरा उणं झालं, की ताटावरून उठणारे. आक्कानं आठवडाभर आधीच इंजिन चुलीमागं लपवलं, वर वाकळ टाकली आणि दाजींना देवापुढं उभं केलं. "ह्या खेपंला तुमी आपनहून तारंचं नाव काढलासा, तर मी म्हायेरी जाईन!" दाजींनी शपथ घेतली.

पोहे झाले, प्रश्न झाले. मुलाचे वडील हात धुवायला मागच्या दारी निघाले आणि चुलीपाशी थबकले. "ह्ये काय झाकलंय?"

दाजींनी एकदा आक्काकडं पाहिलं, एकदा वाकळेकडं. समोरच्यानंच विचारलं तर काय करायचं, हे शपथेत नव्हतं. मी पोचेपर्यंत वाकळ निघाली होती. "पावणं, जरा एवढं धरा की."

"आरं जोतिबाऽऽऽ!"

पटका उडून पाटावर पडला. आक्कानं माहेरच्या वाटेकडं पाहिलं. आणि दाजी? दाजींच्या डोळ्यांत पाणी! "आली! एवढ्या वर्सांत कुणाच्या हाताला आली न्हाय, तुमच्या हाताला आली! पावणं, हाताला गुण हाय तुमच्या!"

आठवडाभर चुलीची ऊब खाऊन इंजिनाच्या पोटातला ओलावा गेला होता, एवढं इतिहासवाल्यालाही कळत होतं. पण मी फक्त पाटावरचा पटका उचलून पुढं केला. मुलाच्या वडिलांनी पटका डोक्यावर ठेवला आणि आपला हात उलटसुलट करून बराच वेळ न्याहाळला.

"गुण हाय खरा," ते म्हणाले. "आमच्या म्हशीबी दुसऱ्याच्या हाताला पान्हवत न्हाईत. सून ह्याच बोटीतनं आणायची. ठरलं!"

माघात लग्न झालं. एका दमात इंजिन पेटलं आणि काठावरच्या गर्दीनं आरोळी ठोकली. होडीत नवरानवरी, मी आणि इंजिनापाशी दाजी. पलीकडच्या काठावर व्याही बँड घेऊन उभे. नदीच्या मध्यावर आलो आणि इंजिन बंद पडलं.

दाजींनी प्लग काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला. मी वाकून पाहिलं. प्लग कोरडा होता, लख्ख होता. पेट्रोलची चावी मात्र कुणीतरी हातानं बंद केलेली होती.

"दाजी..."

"मेव्हणं, गप बसा," ते हळूच म्हणाले.

पलीकडून हाक आली, "काय झालं ओऽऽ?"

"ठिणगी न्हायऽऽ!" दाजी प्लगवरून नजर न काढता ओरडले.

शांतानं त्यांच्याकडं पाहिलं, चावीकडंही पाहिलं. मग नवऱ्याशेजारून उठून ती वडिलांजवळ येऊन बसली. "करा सावकाश, आबा," ती म्हणाली. "कसली घाई न्हाय."

दाजी तो लख्ख प्लग पुसत राहिले आणि होडी पाण्याबरोबर हळूहळू आमच्याच काठाकडं वाहत गेली.