मागचा रोलर

शकूआत्यानं मला फसवलं.

आज तिचा तेरावा झाला. सगळे चांगलंच बोलले, मीही मान डोलावली.
पण ती शाळेत भूगोल शिकवायची, आणि कुणी न वाचता ठोकून दिलेलं उत्तर सापडलं की वही परत हातात द्यायची. म्हणून इथं खरं लिहिते.

आत्याकडे होडी होती.
हो, आपल्या गारखेड्यात. घरामागच्या मोकळ्या जागेत, ट्रेलरवर.

फायबरची, वल्ह्यांची, चार माणसं बसतील एवढी. रिटायर झाल्यावर तिनं ती सेकंडहँड घेतली. लग्न केलं नव्हतं. मी तिच्या भावाची मुलगी, रविवारी मोकळी. जीपला ट्रेलर जोडून आम्ही पैठणला जायचो. नाथसागराच्या काठाला ट्रेलर उतारावर लावला की होडी रोलरवरून अलगद पाण्यात उतरायची.

माझा घटस्फोट झाला त्या वर्षी मी फक्त त्या पाण्यावर बोलायचे. ती वल्हवायची. काही विचारायची नाही.

"माझ्यामागं होडी तुझी," म्हणायची. दरवेळी.

मग दुष्काळाची वर्षं आली, पाणी लांब गेलं. मग तिचे गुडघे गेले. मग माझं ऑफिस.
दर दिवाळीला मी म्हणायचे, "आत्या, जानेवारीत नक्की."

मागच्या दिवाळीनंतर तिचाच फोन.
"मंजे, रविवारी ये. ट्रेलरचे रोलर बदलायचेत."
"म्हणजे जायचं?"
"यंदा नाथसागर भरलाय म्हणं."

एवढंच. ती 'हो' म्हणालीच नव्हती. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

इतकी वर्षं होडीचं वजन एकाच जागी पेलून रबराचे सहाही रोलर एका बाजूनं चपटे झाले होते. उन्हानं तडकलेही होते. नमुना घेऊन आम्ही चितेगावला एका लेथवाल्याकडे गेलो.
"होडीचे रोलर? मॅडम, इथं समुद्र कुठंय?"
"तू रोलर कर बाबा. समुद्राचं मी बघते."

त्यानं नायलॉनचे करून दिले.

आत्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हुकूम सोडायची, मी ट्रेलरखाली. होडीला जॅक लावायचा, लाकडी ठोकळा सरकवायचा, पिन ओढायची, दांडा ठोकून काढायचा.
"एका वेळी एकच काढ. सगळे काढलेस तर होडी मांडीवर घेऊन बसशील का?"

दोन दांडे गंजून बसले होते. त्यांत रॉकेल सोडून आठवडाभर ठेवले, पुढच्या रविवारी ठोकून काढले.

शेवटचा राहिला मागचा. तो दांड्यावर खडखडत होता, म्हणून मी दोन वॉशर घातले.
"एक बास झाला."
"असू दे गं, घट्ट बसलाय."
"लई शहाणी."

मग रॉकेलच्या फडक्यानं तिनं माझ्या हातांचं ग्रीस पुसलं. एकेक बोट धरून.
मला वाटलं, लाड करतेय.

पुढच्या रविवारी मी दोन नवी लाइफ जॅकेट घेऊन गेले.
घरामागं फक्त चाकांच्या खुणा.

"दिली," आत्या म्हणाली. शेंगा फोडत होती.
"कुणाला?"
"सिल्लोडकडचे रफीकभाई. तळ्यावर मासे धरतात. दिवाळीआधीच ठरलं होतं. रोलर बदला, मग नेतो म्हणले."
"मग मला कशाला बोलावलंस?"
"मला एकटीला जमलं नसतं."
"होडी माझी म्हणाली होतीस तू."
"व्हय. आणि तू दरसाल जानेवारी म्हणायचीस. पाण्याची चीज ती. उन्हात किती वाळवायची?"

तिचं बरोबर होतं. त्यानं मला काडीचंही बरं वाटलं नाही.

जॅकेटं ओट्यावर टाकून मी निघाले. त्यानंतर तिचा फोन आला की "मीटिंगमध्ये आहे" म्हणायचे. रविवारीसुद्धा.

मध्ये एकदा रफीकभाईंचा फोन आला होता. "बाई, वो पीछे का रोलर घूमता नै. मॅडम बोले, भाची कू पूछो, उनेच बिठाई."
मी कट केला.

दोन आठवड्यांपूर्वी आत्या झोपेतच गेली.

होडीचं दुःख कधीच संपलं, आत्या. पण तुला वाटलं, खरं सांगितलं तर ही येणार नाही. होडी हिला मिळणार असेल तरच ही ट्रेलरखाली शिरेल.
एवढंच ओळखलंस मला?
मी भांडले असते. रडले असते. आणि आले असते. होडी देऊन टाकायची आहे म्हणालीस तरी सहाच्या सहा रोलर बदलून दिले असते.
ते दाखवायची संधी तू मला दिली नाहीस. माझा राग त्याचा आहे.

आज जेवणं उरकल्यावर रफीकभाई आले. फाटकाशी चपला काढून उभे राहिले. आत्याच्या फोटोकडे बराच वेळ बघितलं. रोलरचा विषय काढला नाही.

मीच काढला.
"मागचा अजून अडकतो?"
"हौ बाई. होडी रुकतीच वहाँ. धक्का मारना पडता."
"पिन काढा. दोन वॉशर आहेत, एक काढून टाका. ग्रीस भरा. मग आधी हातानं फिरवून बघा."
"एकच रखना?"
"एक बास झाला."

ते गेले. ओट्यावर ती दोन जॅकेटं अजून तशीच होती, पिशवीतच. तिनं वरून जुनी चादर घातली होती, ऊन लागू नये म्हणून.

तो रोलर फिरेल आता. माझा राग जायला वेळ लागेल.
तोवर तुझ्यासाठी शांती वगैरे मागत नाही. मागितली तर ते न वाचता लिहिलेलं उत्तर होईल.

जा, आत्या. सावकाश जा.
तुझी मंजी.