वाढत्या अंगाचे दोन इंच

माणूस पहिल्यांदा भेटला की आपण त्याचा चेहरा बघतो. माझ्या सासूबाई त्याची मनगटं बघत. मनगट बाहीच्या किती बाहेर आलंय, पँट घोट्याच्या किती वर चढलीय, एवढी पाहणी झाली की मग नाव-गाव. आमचं लग्न ठरलं त्या दिवशी मी चहा घेऊन बाहेर आले, तेव्हा माईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि समीरला म्हणाल्या, "हिची उंची झालीय. आता काय ती रुंदीच." मी चोवीस वर्षांची होते आणि ते वाक्य मला पुढं बरीच वर्षं बोचत राहिलं. अंदाज बरोबर निघाला हे तर त्याहून वाईट.

माईंनी मिरजेत पस्तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले. त्यांच्याकडं कुठलाही कपडा अंगाबरोबर शिवला जात नसे, वाढत्या अंगाचाच शिवला जाई. प्रत्येक स्कर्टच्या खालच्या दुमडीत दोन इंच जास्तीचं कापड लपवून ठेवलेलं असायचं. जूनमध्ये शिवलेला स्कर्ट जानेवारीत आखूड झाला की आई मुलीला घेऊन यायची, माई शिलाई उसवायच्या, नवी टीप मारायच्या, आणि मुलगी पुढच्या जूनपर्यंत नियमात बसायची. गावात त्यांना दोन इंचवाल्या बाई म्हणत. हे दोन इंच त्यांच्या स्वभावातच मुरले होते. चार पाहुणे असतील तर चहा सहा जणांचा, साडेनऊची गाडी असेल तर निघायचं आठला, आणि कुणी पक्कं वचन दिलं तरी मनात थोडी जागा मोकळी.

समीरची नोकरी स्टुटगार्टला लागली आणि आम्ही इकडं आलो तेव्हा आमची सई पाच वर्षांची होती. मिरजेत अखंड बडबडणारी पोर इथं पार मिटून गेली. जर्मन आलं, पण मराठी गेलं. म्हणजे कळायचं सगळं, पण मी "जेवायला काय करू?" विचारलं की उत्तर जर्मनमध्ये, तेही दोन शब्दांत. स्काइपवर आजी दिसली की ती हात हलवून पळून जायची. माई तिकडं पडद्यासमोर बसून राहायच्या आणि म्हणायच्या, "असू दे. अंगात आलं की बोलेल." त्या तोंडानं तसं म्हणायच्या, पण मग फार वेळ कशाचंच माप काढायच्या नाहीत.

सई सात वर्षांची झाली तेव्हा तिला कुत्र्याचं पिल्लू हवं झालं. श्वेबिशे आल्बच्या डोंगराळ भागातल्या एका शेतकऱ्याकडं मिळालं. आई डॅक्सहुंड, वडील "असाच लहानसा कुणीतरी", एवढीच माहिती तो देऊ शकला. सईनं त्याचं नाव क्नॉप्फ ठेवलं. क्नॉप्फ म्हणजे बटण.

आता प्रश्न घरमालकिणीचा. फ्राऊ एबेर्ले खालच्या मजल्यावर राहायच्या, सत्तरीच्या, काटक, आणि नियमांना देवासारखं मानणाऱ्या. कुत्र्याला परवानगी हवी म्हणून मी खाली गेले, तर त्यांनी पिल्लाकडं पाहिलं, मग दारातल्या आपल्या हिरव्या रबरी बुटांकडं. बागेत काम करायचे ते बूट. त्यातला एक त्यांनी पिल्लाशेजारी उभा केला आणि म्हणाल्या, "लहान कुत्रा चालेल. खांदा या बुटाच्या वर गेला तर नाही. एक वर्षाचा झाला की मोजू." मोठा निघाला तर तो जाईल किंवा आम्ही जाऊ, हे त्यांनी सौजन्यानं स्पष्ट केलं. स्टुटगार्टमध्ये भाड्यानं घर शोधलेल्या माणसाला मी यापुढं काही सांगायला नको. बूट बत्तीस सेंटिमीटर उंच होता. पिल्लू अठरा.

जूनमध्ये माई आल्या. व्हिसाच्या हिशेबानं त्या नव्वद दिवस येत, नव्वद दिवस तिकडं राहत आणि मग पुन्हा येऊ शकत. दारात पाऊल टाकताच त्यांनी पिल्लू पाहिलं. "हे घरात?" त्या म्हणाल्या. "घरातच, माई." "पलंगावर?" मी त्यांची बॅग उचलून आत नेली. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर माई पलंगावर, पिल्लू त्यांच्या मांडीवर, आणि त्याच्या मिशांना तूप लागलेलं. त्याचं क्नॉप्फ हे नावही गेलं होतं. मिरजेत बटणाला गुंडी म्हणतात, म्हणून तो आता गुंडी झाला होता.

त्याच आठवड्यात त्यांनी त्याचा पंजा हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला. पोरांचे पाय बघून पुढच्या वर्षीची पँट सांगणाऱ्या बाई त्या. "हा बुटाच्या वर जाणार," त्या म्हणाल्या. "किती?" "एक बोट." मी हसले. पण माईंचं माप चुकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी त्यांना डॉक्टरकडं घेऊन गेले, मुद्दाम, त्यांनी शास्त्र ऐकावं म्हणून. डॉक्टरबाईंनी समजावलं की लहान जातीची पिल्लं पहिल्या सहा महिन्यांत भराभर वाढतात, मग मंदावतात, आणि दहाव्या ते बाराव्या महिन्यात थांबतात. मोठ्या जातीची मात्र दीड वर्ष वाढत राहतात. हा नक्की कोणता, ते आत्ता सांगता येत नाही. मी मराठीत सांगत गेले आणि माई मान डोलवत राहिल्या. "म्हणजे मुलींसारखं," त्या म्हणाल्या. "त्यांचं नववीत थांबतं. मुलगे मेले कॉलेजात गेले तरी पँटी आखूड करत बसतात." मग डॉक्टरबाईंनी पिल्लू वजनकाट्यावर ठेवलं, भुवया चढवल्या आणि विचारलं, याला नक्की काय खायला घालता? मी ते माईंना विचारलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पडल्यावर म्हणाल्या, "तुझ्या मालकिणीचा रुंदीचा काही नियम नाही ना?"

दर रविवारी मोजणी व्हायची. गुंडीला स्वयंपाकघराच्या दाराशी उभं करायचं, माई त्याच्या खांद्यावर पट्टी आडवी धरायच्या आणि सई चौकटीवर शिंप्याच्या खडूनं रेघ मारायची. पेन्सिल नाही, कारण चौकट फ्राऊ एबेर्लेंची. पिल्लू स्थिर उभं राहावं म्हणून त्याच्याशी बोलत राहावं लागे, आणि माई बोलायच्या ते अर्थात मराठीत. "उभा राहा गुंड्या. पोट आत. कुणाकडं बघतोस?" चौथ्या की पाचव्या रविवारी माईंचा चष्मा सापडेना म्हणून त्या आत गेल्या, आणि मी ओट्याशी असताना मागून बारीक आवाज आला, "उभा राहा गुंड्या. आजी आत्ता येईल." मी वळले नाही. वळले असते तर ती थांबली असती. सई कुत्र्याशी मराठी बोलत होती. माझ्याशी अजून जर्मनच.

त्या दिवसापासून बूट ही माझ्यासाठी गमतीची गोष्ट राहिली नाही. हा कुत्रा गेला तर त्याच्याबरोबर आणखी काय जाईल, ते मला आणि माईंना, दोघींनाही ठाऊक होतं.

फ्राऊ एबेर्लेंशी माईंचं सूत जुळलं ते केअरवोखेमुळं. दर आठवड्याला एकेकाच्या दारावर पाटी लागते आणि त्यानं सगळा जिना झाडून-पुसून काढायचा, अशी इकडची पद्धत. आमची पाळी आली तेव्हा माईंनी उभ्यानं फिरवायचा तो पोचा बाजूला सारला, पदर खोचला आणि उकिडव्या बसून फडक्यानं एकेक पायरी पुसली, कोपऱ्यांसकट. फ्राऊ एबेर्ले दारात उभ्या राहून पाहत होत्या. मला वाटतं, इतक्या वर्षांत त्यांच्या मनासारखा जिना पुसणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटलं. त्यानंतर दोघी बागेतल्या बाकावर बसू लागल्या. माई मिरजेचं मराठी बोलायच्या, त्या तिथली श्वेबिश बोली. मधूनमधून माई जर्मन होकाराचं "या, या" म्हणायच्या आणि फ्राऊ एबेर्ले "हो का" म्हणायला शिकल्या होत्या.

सप्टेंबरात परत जायच्या आधी माईंनी दोन वस्तू शिवल्या. एक गुंडीचा थंडीचा कोट, अर्थात वाढत्या अंगाचा. दुसरं एक पायपुसणं. जुन्या चादरी, समीरची फाटकी जीन्स, माझा एक कुर्ता, सगळे थर एकावर एक रचून गोधडीसारखे टाके घातलेलं. चांगलं दोन इंच जाड. ते त्यांनी स्वतः खाली नेऊन फ्राऊ एबेर्लेंना दिलं आणि खुणेनं सांगितलं की बूट ठेवायला. फ्राऊ एबेर्ले भारावल्या. बूट त्यावर विराजमान झाले. मला वाटलं, काय प्रेमळ बाई आहे.

डिसेंबरात माई पुन्हा आल्या. कोट गुंडीला अगदी बेतात बसत होता. जानेवारीच्या एका रविवारी रेघ बत्तीसच्या वर गेली. पुढच्या रविवारी चौतीस. म्हणजे माईंचं ते एक बोट. मी खुर्चीत बसले. दहा महिने झाले होते, अजून दोन उरले होते, आणि आत्ताच हा गडी नियमाबाहेर. माई शांतपणे मटार सोलत होत्या.

"अगं, बूट कशावर उभा आहे ते बघून ये," त्या म्हणाल्या.

मी खाली जाऊन आले. वर येईपर्यंत डोक्यात प्रकाश पडला होता.

"माई, ही फसवणूक आहे."

"कसली फसवणूक? मी बुटाला हात लावला? कुत्र्याला लावला?" त्यांनी एक शेंग सोलून दाणे गुंडीला दिले. "शाळेत नियम असायचा, स्कर्ट गुडघ्याच्या खाली. पोरगी जूनमध्ये नियमात, जानेवारीत नियमाबाहेर. मग आपण काय करायचो? शिलाई उसवायचो. पोरगी शाळेतनं काढायचो नाही."

त्यानंतर तीन रविवार खडूची रेघ जागची हलली नाही. तिसऱ्या रविवारी माईंनी खडू डबीत ठेवून दिला आणि जाहीर केलं, "झाली याची नववी."

मार्चमध्ये गुंडीच्या पहिल्या वाढदिवसाला फ्राऊ एबेर्लेंनी खरंच मोजलं. गुंडी फरशीवर, बूट पायपुसण्यावर. त्या वाकल्या, त्याच्या खांद्यावर तळहात ठेवला आणि तो तसाच सरकवत बुटाच्या काठाला लावला. वर दोन बोटं बूट शिल्लक. सई माईंचं बोट घट्ट धरून उभी. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं फ्राऊ एबेर्ले म्हणाल्या आणि खिशातून कुत्र्याचं बिस्किट काढलं. ते त्यांनी आधीच आणून ठेवलं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. माई माझ्याकडं बघून एवढंच म्हणाल्या, "बघ, मापात बसला."

माई त्यानंतर आणखी दोनदा येऊन गेल्या. तोवर सई त्यांच्याशी मराठीत भांडण्यापर्यंत पोचली होती. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मिरजेहून फोन आला. दुपारी मशिनवरच बसल्या होत्या, मान खाली गेली ती गेलीच. समीर पहिल्या विमानानं निघाला. सईची शाळा म्हणून मी मागं राहिले. मला फार रडावंसं वाटत होतं आणि रडता येत नव्हतं. घरात जिथं हात घालावा तिथं त्यांनी दुमडून ठेवलेलं काहीतरी सापडायचं.

त्या आठवड्यात दारावर पाटी आमच्या नावाची होती. शनिवारी मी बादली घेऊन जिना पुसत खाली आले, उकिडवी बसून, कोपऱ्यांसकट. सई आणि गुंडी मागोमाग. खाली फ्राऊ एबेर्लेंच्या दारात हिरवे बूट नुसत्या फरशीवर उभे होते. पायपुसणं नव्हतं. गुंडी जाऊन नेमका बुटाशेजारी उभा राहिला. खांदा बुटाच्या वर, बरोबर एक बोट.

दार उघडलं. फ्राऊ एबेर्लेंनी कुत्र्याकडं पाहिलं, बुटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांनीच हात वर केला.

"मॅट धुतलीय," त्या म्हणाल्या. "दर महिन्याला धुते. पहिल्यापासून."

दर महिन्याला. म्हणजे दर महिन्यात एक दिवस हे बूट असेच उभे असायचे आणि हा कुत्रा यांच्याच दारावरून दिवसातून चार वेळा जायचा. या बाईंना तेव्हापासून सगळं माहीत होतं. मी तिथंच पायरीवर बसले आणि माई गेल्यानंतर पहिल्यांदा रडले. फ्राऊ एबेर्ले माझ्याशेजारी बसल्या. मग उठल्या आणि त्यांच्या नेहमीच्या, नियम सांगायच्या आवाजात म्हणाल्या,

"संध्याकाळपर्यंत वाळेल. तोपर्यंत कुत्र्याला वर ठेवा."

सईनं गुंडीचा पट्टा धरला. "चल रे गुंड्या, वर चल," ती म्हणाली. "आजीचं पायपुसणं वाळतंय."