इंदूवहिनी आणि पिचकारीवाला खुनी

इंदूवहिनी थिएटरात मेथी निवडायच्या. अंधारात, मांडीवर पिशवी घेऊन, पडद्यावरची नजर न हलवता. रात्रीच्या भाजीत काड्या लागल्या की त्यांचे यजमान दत्ताभाऊ समजायचे, आज एखादा खून बरा झालेला दिसतोय.

लालबागच्या चाळीत त्यांची आणि आमची भिंत एकच. मी ठाकूरद्वारची, बीए झालेली, नवी नवरी. डोळे ठणठणीत असूनही जाड काड्यांचा चष्मा लावायची, कारण बुद्धिमान बायका लावतात असा माझा समज. ज्या सिनेमात माणूस दहा मिनिटं खिडकीबाहेर बघतो आणि शेवटी खिडकी लावून घेतो, तो मला फार आवडायचा. म्हणजे आवडतो असं मी सांगायची. निम्म्या वेळा मी झोपलेली असायची आणि जाग आली की गंभीरपणे मान डोलवायची. ती मुलगी आज समोर आली तर आधी तिचा चष्मा काढून घेईन.

वहिनींना पडेल पिक्चर लागायचा. जितका पडेल तितका उत्तम. मी तोंड वाकडं केलं की म्हणायच्या, "चांगला पिक्चर आपला आपण चालतो गो. आपण नुसतं गप बसायचं. ह्या मेल्याला ढकलायला माणसं लागतात."

दत्ताभाऊ गिरणीत साचेखात्यात माग, म्हणजे गिरणीच्या भाषेत साचे, चालवायचे. संपाला वर्ष उलटलं आणि त्यांचं बोलणं थांबलं. भांडण नाही, आजार नाही. गॅलरीत बसायचे, थंड पडलेल्या चिमणीकडे तोंड करून. "जेवता ना?" म्हटलं की मान हलायची, तेवढंच. वहिनींनी देवाला गाऱ्हाणं घातलं, गावाहून दिराला बोलावून घेतलं, भाऊंच्या आवडत्या दशावताराला त्यांना नेलं. राजा रंगमंचावर येण्याआधीच भाऊ उठून घरी आले. डबे करून घर ओढण्याची वहिनींना तक्रार नव्हती. पण एकदा पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "असेच गप राहिले ना, तर हा माणूस माझ्या हातचा जाईल गो."

शिमग्याच्या तोंडावर 'खूनी पिचकारी, भाग दुसरा' लागला. वहिनींनी मला फर्मान सोडलं, "चल. तू ह्यांच्या डाव्या बाजूला, मी उजव्या. उठले तर आडवी हो."

"वहिनी, असलं काही बघून माणूस आणखी खचेल," मी चष्मा सावरत म्हणाले.

"तुझा तो खिडकीवाला दाखवला तर जीवच देतील!"

धुळवडीला पिचकारीत सुरा लपवून माणसं मारणारा खुनी पहिल्या भागातच मेला होता. म्हणून आता त्याचा जुळा भाऊ. हा जुळा अर्धा पिक्चर पहिला भागच आठवत बसला होता, आणि ते खून झाले तेव्हा स्वारी म्हणे परदेशी होती! "मग ह्याला तार कोणी केली?" मागून एकजण ओरडला. दुपारच्या खेळाला सगळे संपवालेच. खुनी दिसला की अख्खं थिएटर नायिकेला सावध करायचं. ती बया ऐकेल तर शपथ. वहिनी तर उभ्याच राहिल्या, "मागे बघ गो सटवे, मागे!" आणि मीसुद्धा, ठाकूरद्वारची बीए, किंचाळले, "दार लाव ना, मूर्ख बाई!" चष्मा कधी खाली पडला ते कळलंच नाही.

भाऊ मात्र दगडासारखे. एकदा उठायला लागले, मी गुडघा आडवा घातला. वहिनींच्या हातातली जुडी तशीच राहिली.

मग खुनी रंगानं माखलेला, पिचकारी खांद्यावर टाकून, नायिकेच्या मागोमाग एका गिरणीच्या फाटकाशी आला. आत साचे धडधडत होते. थिएटर चिडीचूप झालं. तो आवाज तिथे कोणी वर्षभर ऐकला नव्हता.

आणि माझ्या शेजारून आवाज फुटला, "ए मेल्या! खंय चल्लंस आत? संप चालू आसा!"

मग जो हशा उठला! "अडवा त्याला!" "युनियनला कळवा रे!" शिट्ट्यांनी छप्पर हललं. त्यात खुनी खरोखरच फाटकात थबकला. गोष्टीत त्याला नायिकेची ओढणी सापडली होती, पण भाऊंनी मागे वळून सगळ्यांकडे असं पाहिलं, जणू म्हणत होते, थांबवला बघा.

गिरणी काही पुन्हा उघडली नाही. दोघं पुढे कोकणात गेली, वहिनी तिकडेच वारल्या. पण मला त्या आठवतात त्या त्याच दुपारच्या. दिवे लागले तेव्हा पदरानं डोळे पुसत होत्या.

"वहिनी, रडताय?"

"गप गो. पडद्यावरचा गुलाल गेला डोळ्यांत."

भाऊ तोवर दाराशी पोचले होते आणि तिकिटं फाडणाऱ्या माणसाला धारेवर धरत होते. त्या गिरणीत साचे चालवत होतं तरी कोण, आणि तिसरो भाग कधी येतलो? तो बिचारा हात जोडत होता. मी त्याच्या सुटकेसाठी उठले, तर वहिनींनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "भांडू दे त्यांना."