ओढ्याकडचे वजीर

परवा फोनवर तुम्ही दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलत मला सांगत होता, की तुमच्याकडच्या नव्या अध्यक्षाने विरोधी पक्षाच्या खासदारांना आपल्या मंत्रिमंडळात घेतलं. धाकटीच्या मते हा शहाणपणा, थोरल्याच्या मते ही भीती. मग दोघांनी मिळून विचारलं, "आज्जी, असं कुणी करतं का?" मला फोनवर उत्तर देता आलं नाही, कारण उत्तर लांब आहे आणि मला कुठलीच गोष्ट मधूनच सुरू करता येत नाही. म्हणून लिहिते. आधी गाव, मग माणसं, मग भांडण.

गाव निजामाच्या राज्यातलं, कमलनगरच्या स्टेशनापासून बैलगाडीने अर्ध्या दिवसावर. घरात मराठी, बाजारात कानडी, कचेरीत उर्दू. गावाचे दोन भाग होते, वेशीकडचे आणि ओढ्याकडचे, आणि त्यांचं एकमेकांशी पटायचं नाही. का पटायचं नाही हे कुणालाच आठवत नव्हतं, पण त्यामुळे काही अडत नव्हतं. आम्ही वेशीकडचे.

मारुतीचं देऊळ, धर्मशाळा आणि जत्रा यांचा कारभार एक कमिटी पाही. तिच्या अध्यक्षाला सगळे सदर म्हणत. सदराने नेमलेल्या कारभाऱ्यांना लोक थट्टेने वजीर म्हणत, आणि वजीर मंडळी ती थट्टा आहे हे लवकरच विसरत. नेमणुकीची रीत मात्र पक्की होती. सदराने मारुतीपुढे काम सांगून विडा ठेवायचा आणि ज्याला काम हवं त्याने तो उचलायचा. एकदा उचलला की ठरल्या दिवशी काम झालंच पाहिजे. नाही झालं, तर येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेला, त्या माणसाने सगळ्या गावाला आपल्या शेतात जेवू घालायचं. येळवशीला आमच्याकडे सगळे शेतावर जातात, कडब्याच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, पाच दगडांचे पांडव मांडतात आणि भज्जी-आंबील खातात. ही भज्जी म्हणजे तुमच्या ओळखीची कांदाभजी नव्हे. हिरवे दाणे, पालेभाज्या, शेंगदाणे, बोरं, गाजरं, जे शेतात असेल ते बेसनात शिजवलेलं मोठं पातेलं. एक गाव ती किती खाऊ शकतं, हे पाहिल्याशिवाय समजत नाही.

आता माणसं. माझे वडील नोकरीमुळे बाहेरगावी असत. घरात कर्ते होते थोरले काका, त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो. अप्पांवर कर्ती होती आज्जी, म्हणजे माझी आज्जी. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. अप्पांनी मला घरी लिहा-वाचायला शिकवलं होतं, पण त्यांना येत होतं तेवढं आता संपलं होतं. दरम्यान जवळच्या निर्णा गावातल्या एका घरून मला मागणी आली होती. मुलगा एकदा पाहून गेला होता. त्याच्याबद्दल मला एवढंच आठवतं, की त्याने शेंगापोळ्या खाताना मान वर केली नाही, त्यामुळे त्याने मला पाहिलं असं म्हणणं धाडसाचं होईल.

अप्पांच्या मनात गावात मुलींची शाळा काढायची होती. धर्मशाळेत दिवसा कुणी नसतं, तिथे वर्ग भरवायचा, गुलबर्ग्याहून एक शिकवणाऱ्या बाई आणायच्या. आज्जीने खूप विचार करून अट घातली. ठरल्या दिवशी बाई येऊन शाळा भरली, तर पोरीने शिकावं. नाही भरली, तर येळवशीला निर्ण्याच्या मंडळींना नारळ देऊन लग्न पक्कं करायचं. आज्जी दिलेला शब्द मोडत नसे, आणि घातलेली अट तर मुळीच नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर सदराची निवड झाली. देवळासमोर अप्पांच्या बाजूचे उजवीकडे आणि विरोधातले डावीकडे बसले. दोन्हीकडची माणसं इतकी सारखी होती, की मध्ये बसलेले एक म्हातारे झोप लागून उजवीकडे कलंडले, तेव्हा निकाल लागला. अप्पा सदर झाले.

वेशीकडे मोठा आनंद झाला. आमचे एक चुलत मामा होते, त्यांनी निवडीआधीच नवा गुलाबी रुमाल आणून ठेवला होता, कारण वजिराच्या डोक्यावर जुना रुमाल बरा दिसत नाही. दुसऱ्या दिवशी ते तो बांधून देवळात पहिल्या रांगेत बसले. अप्पांनी तीन विडे ठेवले आणि एक-एक करून ओढ्याकडच्या तिघांना पुढे बोलावलं.

हे तिघे म्हणजे शाळेच्या विरोधातले पुढारी. पहिले गुळाचे व्यापारी. त्यांचं म्हणणं, धर्मशाळा वाटसरूंची आहे. वाटसरू तिथे कधी टिकत नसत, कारण ती व्यापाऱ्यांच्या गुळाच्या ढेपांनी भरलेली असे. अप्पांनी त्यांना धर्मशाळेचं खातं दिलं, म्हणजे जागा मोकळी करून द्यायची. दुसरे गावचे जोशी. त्यांच्या मते मुलींना अक्षर शिकवायला पंचांगात मुहूर्तच नाही. त्यांना मुहूर्ताचं खातं, म्हणजे दिवस आणि घटका ठरवून त्याच घटकेला वर्ग सुरू करायचा. तिसरे पोलिसातून निवृत्त झालेले जमादार. सरकारी इजाजतीशिवाय शाळा काढली तर सगळे कोठडीत जातील, असं ते मिशीला पीळ देत सांगत. त्यांना इजाजतीचं खातं, म्हणजे परवानगी आणायची आणि ती टिकवायची. बाई आणण्याच्या चौथ्या कामाचा विडा अप्पांनी स्वतःच ठेवला आणि स्वतःच उचलला.

तिघांनी विडे उचलले. आत शिरून शाळा बुडवायला बरं पडेल, असा त्यांचा हिशोब होता. गुलाबी रुमाल उठला आणि देवळाबाहेर गेला.

घरी आज्जीने अप्पांना ताटावरच धरलं. "आपली माणसं उन्हात बसून दमली अन् तू त्यांच्या हाती विडा दिलास? कामून रे?"

"बाहेर ठिवले तर नुस्तं तोंड चालवतेत, आई. आता हात चालवावे लागतेत."

आज्जीने त्यांना दुसरी भाकरी वाढली नाही.

आता भांडण. ते मी लिहायचं म्हटलं, पण झालं उलटंच. पहिले काही दिवस तिघे वजीर खुशीत होते. मग जमादारांच्या लक्षात आलं, की काम बुडालं तर गाव ज्याचं काम बुडालं त्याच्या शेतात जेवणार, तिघांच्या मिळून नाही. म्हणजे दुसऱ्या दोघांची कामं राहिलेली चालतील, पण आपलं राहता कामा नये. ते पहाटेच गाडी जुंपून बिदरला गेले आणि कचेरीत अनेक दिवस ठाण मांडून शिक्का मारलेली इजाजत घेऊन आले. ही बातमी कळताच जोशीबुवांना पंचांगात फार चांगला मुहूर्त सापडला, तोही अगदी जवळचा, म्हणजे व्यापाऱ्यांना जागा मोकळी करायला वेळच उरू नये असा. व्यापाऱ्यांनी मग सगळ्या ढेपा आपल्या घरात हलवल्या. त्यांच्या बायकोने स्वयंपाकघरात ढेपांची भिंत आणि मुंग्यांची रांग पाहिली आणि ती तडक माहेरी गेली. व्यापारी जमादारांच्या घरी जेवायला जाऊ लागले.

इजाजतीत एक कलम होतं. वर्गात निदान बारा मुली हव्यात, कमी झाल्या तर इजाजत रद्द. बारा मुली सहज मिळतील असं अप्पांना वाटलं होतं. पण वेशीकडची मंडळी रुसली होती. गुलाबी रुमालाचे मामा घरोघर सांगत फिरले, की जी शाळा ओढ्याकडच्यांनी काढली तिथे आपल्या पोरी कशाला. काल शाळेसाठी उजवीकडे बसलेले आज शाळेच्या विरोधात झाले. आमच्या बाजूने मी एकटी उरले.

हे खातं जमादारांचं. ते हातात काठी घेऊन ओढ्याकडे दारोदार हिंडले. स्वतःच्या नाती, व्यापाऱ्यांच्या पुतण्या, जोशीबुवांच्या दोन्ही लेकी, असं करत त्यांनी अकरा जमवल्या. त्यांतली एक, चांगली लांब वेणी घातलेली, तपासणीत मुलगा निघाली. नवसाचे केस राखले होते बिचाऱ्याचे. जमादारांनी त्याला परत नेलं आणि त्याच घरातून त्याची बहीण आणली.

मुहूर्ताचा दिवस उजाडला. धर्मशाळा सारवलेली होती, इजाजत खिळ्याला टांगलेली होती, आम्ही बाराजणी ओळीत बसलो होतो आणि कोपऱ्यांतून गुळाचा वास येत होता. सगळं गाव दाराशी उभं होतं. तिन्ही वजिरांनी आपापलं काम केलं होतं आणि ते एकमेकांकडे थोड्या निराशेने पाहत होते.

बाई नव्हत्या.

अप्पा इतके दिवस या तिघांवर लक्ष ठेवण्यात गढले होते, की कमलनगरला बैलगाडी पाठवायचंच विसरले. बाई आगगाडीतून उतरल्या, स्टेशनावर बसून राहिल्या आणि उलट्या गाडीने गुलबर्ग्याला परत गेल्या, हे आम्हाला मागाहून कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं, की अप्पांचा चेहरा सारवलेल्या भिंतीसारखा झाला. दारात आज्जी उभी होती. तिची अट मला तोंडपाठ होती.

व्यापारी हळूच म्हणाले, "सदर, भज्जीत बोरं जरा जास्ती टाका. मला आवडतेत." सगळे हसले. वेशीकडचे जरा जास्तच हसले.

पण जोशीबुवांना हसू येईना. घटका चालली होती. त्या घटकेला वर्ग सुरू झाला नाही, तर त्यांचंही काम बुडालं असतं आणि त्यांचं शेत अप्पांच्या शेताहून लहान होतं. ते इकडे-तिकडे पाहून आत आले, पाट ओढून बसले, पाटीवर 'श्री' काढला आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "म्हणा." आम्ही म्हटलं. मुलींना अक्षर देऊ नये म्हणणारे जोशीबुवा पुढे बाई येईपर्यंत रोज आम्हाला शिकवत होते, आणि खरं सांगते, छान शिकवत होते. एकदा तर स्वतःच्या लेकीला पाढा अडला, तेव्हा त्यांनी तिला बोटांवर सांगितला आणि मग आजूबाजूला कुणी पाहिलं नाही ना, म्हणून पाहिलं.

आठवड्याने बाई आल्या. आज्जीचं म्हणणं मात्र सरळ होतं. शाळा भरली हे खरं, पण ठरल्या दिवशी बाई आली नाही. निर्ण्याला निरोप गेला.

येळवशीला सगळं गाव आमच्या शेतात लोटलं. अप्पा स्वतः पातेलं ढवळत होते, कारण विडा त्यांनी उचलला होता. गुलाबी रुमालाचे मामा पहिल्या पंगतीला बसले आणि उठेनात. दुपारी निर्ण्याची मंडळी आली. मुलाचे वडील, दोन चुलते आणि तोच मुलगा, जो कोपीत शिरताच सरळ भज्जीपाशी बसला. आज्जीने आत जाऊन नारळ काढला. मी कडब्याला टेकून उभी होते, आणि आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतत होती. सासूपुढे ती बोलत नसे.

मुलाच्या वडलांनी विचारलं, पोरगी आता काय करती?

उत्तर जमादारांनी दिलं. ते शेजारीच मांडी घालून जेवत होते आणि गाव किती खातंय हे सकाळपासून पाहत होते.

"शाळेत हाय ती. न्हाई सुटायची."

"लगीन ठरायलंय की तिचं," निर्ण्याचे म्हणाले.

"ठरू द्या. कागदावर बारा पोरी हैत, सरकारी मुहर हाय. ही गेली तर अकरा. इजाजत गेली तर माझा विडा बुडाला." त्यांनी ढवळणाऱ्या अप्पांकडे, मग पातेल्याकडे, मग मामांकडे बोट दाखवलं. "अन् पुढल्या येळवशीला ह्ये समदं माझ्या शेतात. तुम्ही भरता का त्येवढं पातेलं, पाव्हणं?"

व्यापारी आणि जोशीबुवाही सरकून जमादारांच्या बाजूला बसले. निर्ण्याच्या मंडळींनी पातेल्याकडे पाहिलं. आज्जी नारळ हातात घेऊन दारात थांबली. अट तिची आणि अप्पांची होती, पण विडा मारुतीपुढचा होता. तिने नारळ पांडवांपुढे फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. निर्ण्याच्या मुलाने दोनदा मागितलं.

मी त्या शाळेत तीन वर्षं होते, मग बाईंनीच मला गुलबर्ग्याला नेलं आणि पुढे इंग्रजी झालं. अप्पा पुढच्या निवडीत पडले. झोपणारे म्हातारे तेव्हा डावीकडे कलंडले. गुळाचे व्यापारी सदर झाले, आणि मारुतीपुढे पहिला विडा ठेवून त्यांनी अप्पांना हाक मारली. धर्मशाळेचं छप्पर गळत होतं. अप्पांनी विड्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग उचलला.

तेव्हा शहाणपणा की भीती, ते तुम्ही ठरवा. मला तुमच्या अध्यक्षाबद्दल एवढंच विचारायचं आहे, की तिकडे काम झालं नाही तर जेवण कुणाकडे असतं?