राख सारून बघितली का?

किस्से चुलीतल्या राखेसारखे साठतात. रोज काढा, रोज तेवढेच! तर आटपाट नांदेड शहर, तिथं भाड्याची एक खोली, खोलीत तिघी: माझी नात सुजाता, तिची मैत्रीण धर्माबादची भाग्या आणि भाकरी थापायला मी. गावाकडं, शिरूर अनंतपाळला, घराला कुलूप. किल्ली माझ्या कमरेला.

पोरी अभ्यासाला म्हणून कॉम्प्युटरवर दीर्घिका बघायच्या. दीर्घिका म्हणजे चांदण्यांची अख्खी गावं, फार लांबची. सुजाता एक ठिपका दाखवून म्हणाली, "आजी, ह्याचा उजेड निघाला तवा आपली पृथ्वीबी नव्हती."

"मग आता ते गाव तिथं हाय का?"

"काय माहीत!"

मी पदर डोक्यावर घेतला. हायेत का न्हाईत ठाऊक नसलेल्यांसमोर बोडकं कसं बसायचं?

*

पोरींनी दोन याद्या केल्या. ज्यांत नव्या चांदण्या जन्मतात त्या 'जळत्या', ज्यांत जन्म थांबला त्या 'विझल्या'.

"विझल्या म्हणू नका गं! दिवा विझला म्हणत न्हाईत, मोठा झाला म्हणावं."

भाग्यानं इमानदारीनं यादीवर लिहिलं, 'मोठ्या'. त्यांचे सर चक्रावले. "ह्या एवढ्याशा दीर्घिका मोठ्या कशा?"

"आजीनं केल्या, सर!"

*

"काही तर जग नवंकोरं होतं तवाच विझल्या," भाग्या एकदा म्हणाली.

"रांगायच्या आधीच म्हातारं झालं लेकरू?"

"हाव. कशानं, ते नीट कळंना."

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. तिघी किंचाळलो!

*

सुजाताचा जीव एका लाल ठिपक्यात अडकलेला. सर म्हणाले, "ही विझलेलीच. विषय सोड." विषय सुटला की फेलोशिप सुटणार, अन् शिक्षणबी. पोर जेवेना.

"लाल कशानं दिसते गं?"

"म्हातारी झाली की लाल. धुळीआड दडली तरी लालच."

"मग राख सारून बघितली का? आम्ही निखारा राखेतच जपायचो."

सुजातानं तडक धुळीची ऊब ओळखणाऱ्या दुसऱ्या दुर्बिणीची माहिती मागवली.

*

एका सकाळी दोन फोन आले. पहिला सरांचा. "सुजाता, जळतेय! धुळीआड नुसत्या चांदण्या जन्मतायत! तुझी फेलोशिप पक्की!"

दुसरा गावाकडून, शेजारच्या रुक्मिणबाईचा. "आजी, कवा आलात? तुमच्या घरातून धूर निघायलाय."

"मी तर नांदेडात हाय!"

पेढे घेऊन तिघी गावी गेलो. कुलूप जसंच्या तसं. आत जाळी, धूळ. धुळीत एक पाऊल उमटलेलं न्हाई. चूल आठ महिन्यांची बंद.

"आजी, नको," सुजाता पुटपुटली.

मी राख सारली. बोटाला चटका बसला!

मी फुंकर घातली अन् त्याच निखाऱ्यावर तिघींचा चहा ठेवला.